गोठा सोशल मीडियात मोडतो का?

सोशल मीडियाला आमच्या दाजींइतक्या शिव्या घालणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सोशल मीडियाच्या नादी त्यांच्याइतका लवकर लागलेला माणूसही सापडायचा नाही. दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर राहून करतो आहे. फक्त दुसरं विधान त्यांच्यासमोर करायची सोय नाही. केलंत तर ते चष्मा कपाळावर चढवतील, तुम्हाला बाजेवर बसवतील आणि चर्चामंच वेगळा, सोशल मीडिया वेगळा, हे इतकं सविस्तर समजावतील की तुमची शेवटची एसटी जाईल. माझी गेलेली आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ईटजवळच्या एका गावात त्यांचं घर. मी वाशीला खताबियाण्यांचं दुकान चालवतो, त्यामुळे जाणंयेणं सारखं असतं. नोकरीत असताना दाजी गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते प्रत्येकाला "डॉक्टर न्हाय, पर्यवेक्षक" अशी दुरुस्ती सुचवत. म्हैस तापानं फणफणलेली, मालक रडकुंडीला आलेला, आणि हे आधी स्वतःचं पद दुरुस्त करणार, मग सुई काढणार. माणूस भलता काटेकोर. अक्का म्हणते, लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ह्यांनी भटजींना मध्येच थांबवून एक ओळ पुन्हा म्हणायला लावली होती. मी तेव्हा फार लहान होतो, मला काही आठवत नाही. पण लावली असणार.

स्मार्टफोन त्यांनी कधी घेतला नाही. बटणांचा फोन, त्याचं झाकण निसटू नये म्हणून त्याला रबर. लोक दिवसभर एकमेकांना पाठवतात त्या सुप्रभातांना ते 'उष्टं' म्हणतात, कारण ते आधी कुणीतरी दुसऱ्याला वाढलेलं असतं. पण त्यांचा खरा राग अंगठ्यावर. माझ्या दुकानाला नवी पाटी लावली तेव्हा मी तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि कौतुकानं फोन दाजींच्या हातात दिला. खाली पाहुण्यारावळ्यांनी अंगठ्यांची रांग लावली होती. दाजींनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि चेहरा पाडून म्हणाले, "पाव्हणं, तुमच्याकडची एवढी शिकलेली माणसं, अन् सगळ्यांनी अंगठाच दिला? सही एकालाबी येत न्हाय?" त्या दिवसापासून मला तो अंगठा पाठवायची लाज वाटते. मीही दोन शब्द लिहितो आता, आणि लोक मला विचारतात की तब्येत बरी आहे ना.

तर असे हे दाजी, आणि त्यांचा 'गोठा'. भूमला जेव्हा पहिलंवहिलं सायबर कॅफे निघालं, प्लायवूडची खोपटी आणि प्रत्येक खोपटीला पडदा, तेव्हापासूनची ही गोष्ट. पान उघडायचं तर ते वरून खाली इंचाइंचानं उतरायचं. तोवर माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा. त्या काळात दाजींनी कॅफेवाल्या पोराकडून शेळीपालकांसाठी एक चर्चामंच बांधून घेतला. कुणीही यावं, टोपणनाव घ्यावं, शेळीबद्दल विचारावं, ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगावं. सुरुवातीला मराठी अक्षरंही टाईप होत नसत. 'Sheli charat nahi' असं इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे आणि दाजी प्रत्येक वाक्याखाली क्षमा मागत. पुढे घरी संगणक आला. मागं डेऱ्यासारखं पोट असलेला तो पडदा त्यांनी अजून बदललेला नाही. अक्कानं जुन्या इरकलीची झालर लावून त्याला झाकण शिवलं, आणि लाईट गेली की त्याची बॅटरी जी कोकलायला लागते ती शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जाते.

गोठ्यात सगळा कारभार गोठ्याच्याच भाषेत. एखाद्या विषयावरच्या चर्चेला तिथं 'दावं' म्हणतात. नवा प्रश्न विचारणं म्हणजे नवं दावं बांधणं. दाजी स्वतः 'राखणदार'. भांडखोर सभासदाला आठ दिवस आत येऊ द्यायचं नाही, ह्या शिक्षेचं नाव 'कोंडवाडा'. आणि शेळी सोडून बाकीच्या गप्पांसाठी एक कोपरा, त्याचं नाव 'उकिरडा'. साहजिकच सगळ्यात जास्त गर्दी उकिरड्यावर. उत्तरं मात्र निवांत येत. कुणी विचारावं, माझी शेळी दोन दिवस रवंथ करत नाही. त्याला चार दिवसांनी उत्तर मिळावं. तोवर शेळी आपणहून चरायला लागलेली असावी आणि मालकानं तरीही सगळ्यांचे आभार मानावेत. दाजींना हा गोठ्याचा मोठा गुण वाटे. "घाईत दिलेला सल्ला अन् घाईत घेतलेलं बोकड, दोन्ही फसवतात," असं ते म्हणत. 

एकदा मी गेलो तर दाजी भर संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालत होते. संगणक झाकलेला. मी अक्काला विचारलं, काय झालं? ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कोंडवाड्यात हायेत." झालं होतं असं की 'एकशिंगी' नावाच्या एका सभासदाला दाजी रागाच्या भरात 'अडाणी' म्हणाले होते. असा शब्द वापरणाऱ्याला कोंडवाडा, हा नियम त्यांचाच. तेव्हा त्यांनी स्वतःवर कारवाई केली आणि आठवडाभर स्वतःच्या गोठ्याबाहेर उभे राहिले. मी म्हटलं, "दाजी, तुम्हीच राखणदार. चावी तुमच्याकडंच." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप पाटावर जाऊन बसलो.

यात आणखी एक बाब सांगायची राहिली. घरातल्या शेळ्या सांभाळायची ती अक्का. चारा तिचा, धार तिची, लेंड्या झाडणं तिचं, अडलेल्या शेळीजवळ बसणं तिचं. दाजी फक्त लिहायचे. म्हणून अक्का संगणकाला सवत म्हणायची. "दिवसभर माझ्यासंगं राहून ह्यांच्या तोंडातनं चार शब्द निघत न्हायत, अन् तिच्यापुढं बसले की पानंच्या पानं." संध्याकाळी शेळ्या बांधून, हातपाय धुऊन, जेवायच्या आधी सगळे सभासद गोठ्यात जमत. ती माणसं शेतातली, साडेआठला अंथरुणावर पडणारी. त्यामुळे गोठ्याला जी काय जाग असायची ती सात ते साडेआठ. एकेकाळी शेकड्यानं असलेली माणसं आता वीसपंचवीस उरली होती, बाकीची व्हिडिओ बघायला निघून गेली होती. नवं नाव नोंदवलं जाऊन वर्षं लोटली होती. पण ती दीड तासाची जाग होती तोवर गोठा जिवंत होता, आणि दाजींचा जीव त्यात होता. हे मी लाडानं म्हणत नाही, खरंच होता.

आणि नेमकं त्या दीड तासावरच संकट आलं. आणलं कुणी, तर दाजींनीच.

गावातल्या बायकांनी सरपंचबाईंपुढे गाऱ्हाणं घातलं की तिन्हीसांजेला पोरं पुस्तकात नसतात, पुरुष घरात असून घरात नसतात, जो तो फोनमध्ये मान घालून बसलेला. सरपंचबाई खमक्या. त्यांनी ठरवलं की ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा लावायचा. सातला वाजला की टीव्ही आणि सोशल मीडिया बंद, साडेआठला वाजला की सुरू. दाजींना तर आनंदाचं भरतं आलं. ठराव लिहायला शिकलेला माणूस हवा होता, हे धावत गेले. "नुसतं सोशल मीडिया लिहून भागत न्हाय, बाई. पळवाट काढत्याल. व्याख्या पायजे," म्हणाले, आणि दोन दिवस खपून त्यांनी व्याख्या तयार केली.

ग्रामसभेला मी मुद्दाम गेलो होतो. शाळेच्या पटांगणात सतरंजी, एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका. दाजींनी घसा खाकरून वाचलं: "ज्या ठिकाणी एक इसम यंत्राच्या साहाय्याने मजकूर लिहितो, न पाहिलेले इसम त्यास उत्तर देतात, आणि त्या उत्तराची वाट पाहण्यात घरच्या माणसांकडे दुर्लक्ष होते, असे सर्व काही." टाळ्या पडल्या. एवढी कडेकोट व्याख्या त्या पटांगणात कुणी ऐकली नव्हती. टाळ्या थांबल्या तशी बायकांमधून अक्का काठी टेकत उभी राहिली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला उठायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष गेलं. ती म्हणाली, "मग गोठा?"

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एकदम हशा फुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. दाजी लालबुंद झाले. "गोठा सोशल मीडिया न्हाय! गोठा चर्चामंच हाय. सोशल मीडिया हे नाव निघायच्या आदीपास्नं हाय!"

आता सगळ्यांनाच मत फुटलं. गिरणीवाल्याचं म्हणणं, ज्यात नाचगाणं असतं तोच सोशल मीडिया. गोठ्यात नाचगाणं नाही, सबब सूट द्यावी. एक तरुण म्हणाला, आपला फोटो टाकता आला पाहिजे. दाजी लगेच म्हणाले, "गोठ्यात फक्त शेळीचा फोटो चालतो. माणूस दिसला तर म्या काढून टाकतो." सोसायटीचे म्हातारे चेअरमन म्हणाले, "मग डेअरीतल्या फळ्याचं काय? त्याच्यावर म्या लिवतो, कुनीतरी खाली वंगाळ उत्तर लिवतं, अन् त्यो कोन त्ये मला अजून घावला न्हाय." त्यावर बराच वेळ गेला. फळा हे यंत्र आहे का, हा मुद्दा निघाला. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "दाजी, व्याख्या तुमचीच. तुमीच सांगा, ह्यात बसतंय का न्हाय?"

दाजींनी हातातला कागद पुन्हा वाचला. मनातल्या मनात, शब्दाशब्दावर थांबत. मग घडी घालून खिशात ठेवला. "बसतंय," म्हणाले. पुढच्या सभेत फेरविचार करायचा आणि तोवर ठराव लागू, असं ठरलं.

आता दुसरा कुणी असता तर दार लावून मुकाट्यानं गोठ्यात बसला असता. कोण बघायला येतंय? पण ज्यानं स्वतःला कोंडवाड्यात घातलं त्याच्याकडून ही अपेक्षा नको. बरं, रोज दीड तासापुरता आपोआप झाकला जायची सोय त्या जुन्या बांधणीत नव्हती; एकतर गोठा उघडा, नाहीतर बंद. दाजींनी सभेवरून येताच बंद केला, पाटी लावायचं सुचायच्या आधीच. सभासदांना सांगायचं तर पाटी गोठ्यातच लावावी लागणार, आणि गोठा तर बंद. कुणाचा फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता, कारण गोठ्यात नंबर मागायचा नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

काही दिवसांनी अक्काचा फोन आला. "म्या गमतीनं बोलले रे. सवत गेली, पर नवराबी तिच्यासंगं गेल्यागत झालंय." मी गेलो. सातला भोंगा झाला, गाव खरोखर शांत झालं, घराघरातून पोरांचे पाढे ऐकू यायला लागले. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. दाजी म्हणाले, "शेळ्या बांधल्या?" अक्का म्हणाली, "बांधल्या." मग कुणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळानं अक्का म्हणाली, "कालवण गरम करू?" दाजी म्हणाले, "कर." पुन्हा शांतता. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांना संध्याकाळी एकमेकांशी काय बोलायचं तेच माहीत नव्हतं. ठराव झाला होता घरातल्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. मला फार वाईट वाटलं. साडेआठच्या भोंग्याची आम्ही तिघांनीही वाट पाहिली, हे कबूल केलं पाहिजे.

ईटच्या बाजारादिवशी मी पुन्हा त्यांच्याकडे होतो, तेव्हा दुपारी दारात एक वाळकुडा माणूस येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतलेली. त्यानं अक्काकडे पाहून नमस्कार केला आणि अदबीनं विचारलं, "गुडघा कसा हाय आता?" अक्का बघतच राहिली. हा एकशिंगी, बार्शीकडचा. गोठ्यात ह्याचा दरारा असा की प्रत्येक उत्तराची सुरुवात 'असहमत' या शब्दानं. प्रत्यक्षात इतका भिडस्त की पाणी मागायलाही लाजत होता. गोठा उघडेना तशी त्यानं एसटी धरली. राखणदार कोंडवाड्याचे आठ दिवस सोडले तर एक दिवसही गैरहजर न राहणारा माणूस. म्हणजे काहीतरी बरंवाईट झालं. दाजी प्रत्येक मजकुराखाली गावाचं नाव लिहायचे, तेवढ्या पत्त्यावर तो आला होता. फाट्यावर त्यानं 'गोठावाले कुठं राहतात' विचारलं, तर लोकांनी त्याला तीन खरोखरच्या गोठ्यांवर फिरवून आणलं.

बाजारादिवशी गाड्या जास्त असतात म्हणून की काय, त्याचा चहा होतो न होतो तोच दुसरे आले. नळदुर्गचे टेलर, मेंदी लावलेली दाढी, गोठ्यातलं नाव 'दख्खनी'. त्यांनी दाराबाहेरूनच हाक दिली, "भाभी, पैले ये बताव, घुटना कैसा है?" अक्कानं दाजींकडे पाहिलं. दाजींनी छताकडे पाहिलं. आणि चार वाजता एक साठीच्या पुढची बाई आली, नऊवारी, हातात पिशवी. "म्या सास्तूरकर," ती म्हणाली, आणि गोठ्यातले तिन्ही पुरुष उठून उभे राहिले. गोठ्यात त्या कायम 'सांगतो', 'बघतो' असं लिहीत, त्यामुळे आजपर्यंत त्यांना सास्तूरकर हा पुरुष वाटत होता. बाईंनी कुणाकडे लक्ष न देता अक्काचा हात धरला. "उठबस जमती का आता? करंजाचं तेल लावलं का, म्या लिवलं हुतं त्ये?"

तेव्हा उलगडा झाला. ऑपरेशनच्या वेळी अक्का सोलापूरला दवाखान्यात होती आणि दाजी रात्री घरी एकटे. त्या काळात त्यांनी उकिरड्यावर अक्काच्या गुडघ्याचं दावं बांधलं होतं. आज पाय किती वाकला, आज चार पावलं चालली, आज चिडली म्हणजे बरी आहे. तेल सास्तूरकरांचं, काठीच्या मुठीला कापडाची गादी करायची ती युक्ती दख्खनींची, आणि जिना चढताना चांगला पाय आधी, हे एकशिंगींनी पाच जणांशी असहमत होऊन सिद्ध केलेलं. अक्का हे सगळं दाजींच्या डोक्यातून आलेलं समजत होती. "म्हणजे माझा गुडघा ह्यांनी जिल्हाभर मिरवला!" ती म्हणाली. पण म्हणताना तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि लगेच चुलीच्या धुराला नावं ठेवली. चूल पेटलेलीच नव्हती.

मंडळी अंगणात बसली खरी, पण बोलणं काही फुटेना. इतकी वर्षं लिहून बोललेली माणसं. समोरासमोर कसं बोलायचं? मग एकशिंगी हळूच म्हणाले की औंदा करडांना जुलाब लई आहेत. सगळ्यांनी ऐकलं. थोडं थांबून दख्खनींनी उत्तर दिलं. सगळ्यांनी तेही ऐकून घेतलं. मग सास्तूरकर. कुणी कुणाच्या मध्ये बोलेना. एकाचं पूर्ण झाल्याशिवाय दुसरा तोंड उघडेना. एकशिंगींची पाळी आली तेव्हा ते सवयीनं म्हणून गेले, "वरच्या उत्तराशी असहमत," आणि सास्तूरकर त्यांच्या शेजारीच बसलेल्या पाहून कानापर्यंत लाल झाले. दाजी इतके हसले, इतके हसले की अक्का आतून पाहायला आली.

उजेड कमी व्हायला लागल्यावर सास्तूरकर म्हणाल्या, "राखणदार, गोठा उघडा. दुसऱ्यांचं म्या सांगत न्हाय, माझं सांगते. आमच्या गावात भूकंपात समद्यांचंच गेलं. माझी लेक गेली. पर तिथं कुनी कुनाला सांगायचं? ज्याला सांगावं त्याचंबी कुनीतरी गेलेलं. म्या कुनापाशी बोलले न्हाय. गोठ्यात बोलले. उकिरड्यावर." अक्का तिच्या शेजारी बसली होती. तिचे ओठ हलले, तिला काहीतरी विचारायचं होतं, ते मला दिसलं. पण तेवढ्यात गाडीची वेळ झाली म्हणून मंडळी उठली. दाजी एवढंच म्हणाले, "ग्रामसभा ठरवंल."

पुढच्या ग्रामसभेत विषय निघाला तसं पहिल्यांदा उभी राहिली ती अक्काच. "सोशल मीडिया म्हंजी काय त्ये मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "पर माझा गुडघा कापला तवा ह्या गल्लीतनं मला इचारायला कोन कोन आलं, त्यांनी हात वर करा." थोडेच हात वर झाले. "त्या गोठ्यातल्या लोकांनी मला बघितलंबी नव्हतं. त्ये रोज इचारत हुते. आता तुमीच ठरवा." मग सरपंचबाईंनी मत घेतलं आणि एकमतानं ठरलं की गोठा हा सोशल मीडिया नाही, त्याला भोंग्यातून सूट आहे.

मी दाजींकडे पाहिलं. म्हटलं, आता हा माणूस उड्या मारेल. तर ते तोंड उतरवून बसलेले. मग उठले. "बाई, मला सूट नको." सरपंचबाई म्हणाल्या, "अवो, तुमीच म्हनत हुता की न्हाय म्हणून!" "म्हनत हुतो," दाजी म्हणाले, "पर आज समद्यांनी न्हाय म्हणल्यावर मला लागलं. इतकी वर्सं माणसं माणसाशी बोलली, अन् त्ये सोशल न्हाय? मग सोशल काय, त्यो अंगठा? म्या चुकीचा हुतो. गोठा सोशल मीडियाच हाय. अन् हाय म्हणल्यावर भोंगा त्यालाबी लागू." मी कपाळावर हात मारला. साडेआठनंतर त्यांचे सभासद जागे नसतात, हे त्यांना ठाऊक होतं. सास्तूरकरांना तर अंधार पडला की झोप. म्हणजे हाती आलेला गोठा ह्यांनी तत्त्वापायी पुन्हा घालवला. जाताना मी त्यांना तसं बोललोसुद्धा. ते म्हणाले, "पाव्हणं, ज्याला यायचं त्यो यील."

आपोआप होत नव्हतं तर रोज हातानं उघडायचा-मिटायचा खटाटोप त्यांनी स्वतःकडे घेतला: सातला बंद, साडेआठला उघडा. पहिल्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. भोंगा झाला, दाजींनी इरकलीचं झाकण काढलं, गोठा उघडला, वेळ बदलल्याची पाटी लावली आणि बसले. कुणी आलं नाही. आम्ही शेंगोळे खाल्ले, पुन्हा येऊन पाहिलं. कुणी नाही. दाजींनी चष्मा इतक्या वेळा पुसला की मलाच बघवेना. तेव्हा अक्का पाट ओढून शेजारी बसली. आजवर ती त्या पडद्यासमोर कधी बसली नव्हती. "मला लिवायचंय," म्हणाली. दाजींनी तिला नाव घ्यायला सांगितलं, नियमच तो. तिनं 'अक्का' घेतलं. पुष्कळ वर्षांनी गोठ्यात नवं नाव आलं ते हे. मग ती सांगत गेली आणि दाजी एकेका बोटानं टाईप करत गेले. एकच ओळ होती: सास्तूरकरबाई, त्या दिवशी इचारायचं राहिलं, तुमच्या लेकीचं नाव काय हुतं?

दाजींनी ती ओळ उकिरड्यावर टाकली आणि आम्ही झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुकान असून मी गेलो नाही. दिवसभर दाजींनी गोठ्याकडे पाहिलं नाही, पाहावंसं वाटत असून. संध्याकाळी सातचा भोंगा झाला. आम्ही ओट्यावर बसलो, आणि अक्का त्यांना म्हणाली, "बाईला राग आला आसंल का?" दाजी म्हणाले, "का यील?" मग ती सास्तूरकरबाईंबद्दल बोलली, मग आमच्या आईबद्दल, आणि दाजी ऐकत राहिले. साडेआठ कधी झाले कळलं नाही. दाजींनी संगणक लावला, गोठा उघडला, आणि थोड्याच वेळात उत्तरं यायला लागली. अक्काच्या ओळीखाली पहिलं उत्तर एकशिंगींचं होतं, इतकंच की ते जागे आहेत. त्याखाली दख्खनींचं. आणि सगळ्यांत खाली सास्तूरकरांचं. दाजींनी ते मोठ्यानं वाचलं:

"नाव मंगल. सहा वर्षांची हुती. करडाच्या मागं पळायची, पडायची, रडायची न्हाय. इतक्या वर्षांत नाव कुनी इचारलं न्हवतं अक्का. आज डोळं मिटत्यात. बाकीचं उद्या सांगते."

अक्का पदराशी चाळा करत बसली. दाजींनी चष्मा काढला, मजकुराकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि कुणालाच उद्देशून नव्हे असं हळू आवाजात म्हणाले, "उद्या म्हणलीय."